वह्या पोचल्या, गल्ली राहिली: केरळी ज्यू बायकांच्या गाण्यांचं प्रकरण

केरळमधल्या ज्यू समाजाने 1950च्या दशकात जवळजवळ एकगठ्ठा देश सोडला. एकूण माणसं अडीच हजारांच्या आसपास. त्यांतली बहुतेक 1953 ते 1955 या काळात इस्राएलला पोचली. बायकांच्या सामानात हाताने लिहिलेल्या गाण्यांच्या वह्या होत्या. लिपी मल्याळम, भाषाही मल्याळम, मध्ये मध्ये हिब्रू शब्द पेरलेले. पुढची वीसेक वर्षं या वह्यांकडे घराबाहेरच्या कुणी ढुंकून पाहिलं नाही आणि घरातही त्या क्वचितच उघडल्या गेल्या. मग चक्र फिरलं. वह्यांच्या झेरॉक्स निघाल्या, म्हाताऱ्या बायकांसमोर टेपरेकॉर्डर ठेवले गेले, 2004 मध्ये सीडी आली, 2005 मध्ये पुस्तक आलं, गायिकांचा एक गट उभा राहिला. आज केरळी ज्यूंची ओळख कुणाला करून द्यायची झाली, तर ही गाणी पहिल्या पाच मिनिटांत ऐकवली जातात.

ही हकिकत सहसा 'हरवलं होतं, सापडलं' अशा थाटात सांगतात. ऐकायला ते गोड वाटतं, पण त्याने एका प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. पुरुषही त्याच प्रवासाने, त्याच वर्षी, त्याच वस्त्यांत गेले. त्यांची गाणी का गप्प झाली नाहीत? माझ्या मते या प्रकरणाची गोम इथे आहे. इस्राएलमध्ये बायकांनी गाणी विसरली असं झालं नाही. गाणं ज्या जागेवर उभं होतं ती जागा गेली. आणि पुढे जे 'सापडलं' ते दुसऱ्याच जागेवर उभं आहे, त्यामुळे ते वेगळं आहे.

गल्लीतलं गाणं

केरळात ज्यूंची आठ सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिरं होती: कोचीतल्या मट्टनचेरीत तीन, एर्नाकुलममध्ये दोन, आणि परवूर, चेंदमंगलम, माळा इथे एकेक. सिनेगॉगभोवती वस्ती, आणि वस्ती म्हणजे बहुधा एक गल्ली. मट्टनचेरीची ज्यू टाउन आज पर्यटकांना मसाल्यांच्या आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांसाठी माहीत आहे. त्या एका रस्त्यावर तीन सिनेगॉग होती: एका टोकाला 1568 साली बांधलेलं परदेशी सिनेगॉग, दुसऱ्या टोकाला कडवुंभागम, मध्ये तेक्कुंभागम. घरं भिंतीला भिंत लावून. एका घरी लग्न निघालं की दहा घरच्या बायकांना बोलावणं पाठवायची गरज पडत नसे.

लग्न कित्येक दिवस चाले आणि त्यातल्या प्रत्येक टप्प्याला गाणी ठरलेली असत. नवरीला सजवताना वेगळी, नवरदेव येताना वेगळी, आशीर्वादाची वेगळी. बायका गोल करून टाळ्यांच्या ठेक्यावर फिरत. केरळातल्या इतर समाजांतल्या बायका कैकोट्टिकळी करतात, त्याच्याच गोत्रातला हा प्रकार. गाण्यांत बायबलमधल्या गोष्टी असत, सिनेगॉग कसं बांधलं याच्या कहाण्या असत, नवरीच्या रूपाची वर्णनं असत, पोपटाशी केलेल्या गुजगोष्टी असत. पोपटाच्या तोंडून काव्य वदवायची रीत मल्याळममध्ये जुनीच आहे. किळिप्पाट्टु या नावाने तिचा स्वतंत्र काव्यप्रकार आहे. ज्यू बायकांनी तो पोपट हक्काने घरात आणला. सीरियन ख्रिस्ती बायकांची लग्नगीतं आणि मापिळा मुसलमानांची गाणी यांच्याशीही या गाण्यांचं घट्ट नातं आहे. ठेका, रचना, शब्द, सगळ्यांत ते दिसतं. धर्म वेगळा, पण शेजार एक.

आता यातला विलक्षण भाग. कर्मठ ज्यू धर्मशास्त्रात बाईचा गाता आवाज परपुरुषाने ऐकू नये असा दंडक आहे. युरोपातल्या आणि अरब देशांतल्या अनेक ज्यू समाजांनी तो कमी-अधिक पाळला. केरळात तो कुणी मनावर घेतलेला दिसत नाही. बायका पुरुषांसमोर गात, पुरुष बसून ऐकत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. बायकांना हिब्रू वाचता येई. सिनेगॉगच्या सज्जात बसून पुरुषांच्या हिब्रू पदांत त्या आवाज मिसळत. म्हणजे बायकांना दोन्ही भांडारं खुली होती, हिब्रू आणि मल्याळम. मल्याळम गाण्यांचं भांडार मात्र सर्वस्वी त्यांचं. पुरुषांना गाणी कानावरून माहीत असत, पण ती गायची, वहीत उतरवायची आणि लेकीला द्यायची हे बायकांचं काम.

केरळी ज्यूंचं चित्र फार रम्य करून मांडायची एक खोड आहे, म्हणून हेही सांगायला हवं की हा समाज आतून एकसंध नव्हता. परदेशी सिनेगॉगवाले स्वतःला उरलेल्या सात सिनेगॉगच्या मलबारी ज्यूंपेक्षा वरचे समजत आणि त्यांच्याशी सोयरीक करत नसत. परदेशी सिनेगॉगमध्येही दोन पायऱ्या होत्या. पूर्वी गुलाम असलेल्या आणि नंतर मुक्त झालेल्या कुटुंबांच्या वंशजांना बाकांवर बसू देत नसत, धर्मग्रंथ वाचायला पुढे बोलावत नसत. ए. बी. सालेम हे वकील त्याच कुळातले. त्यांनी आपल्याच सिनेगॉगमध्ये सत्याग्रह केला आणि लोक त्यांना 'ज्यू गांधी' म्हणू लागले. जातीपातीची सवय असलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही.

पण वह्या ताडून पाहिल्या तेव्हा एक गोष्ट नजरेत भरली. ज्या समाजांत रोटी-बेटी नव्हती त्यांच्या बायकांच्या वह्यांत तीच गाणी होती. पाठभेद होते, ओळी मागेपुढे होत्या, पण गाणं तेच. पुरुषांनी उभ्या केलेल्या भिंतीतून गाणी आरपार गेली होती. कशी गेली असतील याचा अंदाज बांधायला फार कल्पना लागत नाही: खिडकीतून, विहिरीवरून, कामाला येणाऱ्या बायकांच्या तोंडून.

वही म्हणजे काय होती

हाती आलेल्या जुन्या वह्या 19व्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या आहेत. बाई लग्न होऊन जाताना आईच्या किंवा आजीच्या वहीवरून आपली वही उतरवून घेई. उतरवताना एखादा शब्द चुके, एखादी ओळ गळे, एखादी नवी शिरे. जुन्या मल्याळममधले काही शब्द लिहिणारीलाही कळत नसत, पण आजीने लिहिलेत म्हणून तीही तसेच लिही.

वहीत चाल नसते. चाल लिहायची सोयच नव्हती आणि गरजही नव्हती, कारण ती शेजारणीच्या गळ्यात होती. आपल्याकडे लग्नघरात एखादी आजी वही उघडून बसते तेव्हाही ती काही वाचून गात नाही. पुढच्या कडव्याचा पहिला शब्द डोळ्यांसमोर असला की तिचं भागतं. केरळी वह्यांचा उपयोग तसाच होता. त्यांच्यात गाण्याचं अर्धं अंग होतं. उरलेलं अर्धं गल्लीभर पसरलेलं होतं: कोण सुरू करणार, कोण उचलून धरणार, टाळी कुठे बदलणार, हे गाणं आज म्हणायचं की उद्या. इस्राएलला वही नेता आली. बाकीचं कुठल्या ट्रंकेत भरणार?

या तपशिलावर मी रेंगाळतोय त्याला कारण आहे. पुढे संशोधकांनी वह्या गोळा केल्या तेव्हा गाण्यांची संख्या 300च्या आसपास गेली. पण चालीसकट गाता येतील अशी गाणी त्यापेक्षा बरीच कमी निघाली. कागद टिकला आणि गाणं टिकलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोशावात

इस्राएलला जायची ओढ धर्माची होती. विसाव्या शतकात बायकांनी सियोनच्या, म्हणजे जेरुसलेमच्या भूमीत परतण्याच्या, आशेची नवी मल्याळम गाणीही म्हटली होती. पण नव्या देशाने हात पसरून स्वागत केलं असं नाही. केरळात हत्तीरोग आहे, तो इकडे येईल, या भीतीने इस्राएलच्या अधिकाऱ्यांनी त्यांचं येणं काही काळ रोखून धरलं. शेवटी आले तेव्हा त्यांना मोशावांत, म्हणजे सहकारी शेतकरी वस्त्यांत, पाठवलं गेलं. नेगेवच्या वाळवंटात बेअर शेवाजवळ नेवातिम, जेरुसलेमच्या डोंगराळ भागात मेसिलात झिऑन, ताओझ, अवीएझेर, अगदी उत्तरेला लेबनॉनच्या सीमेवर क्फार युवाल. केरळात ही मंडळी छोटा व्यापार करणारी. शेतीशी संबंध बेताचा. पुढे त्यांनी कोंबड्या पाळल्या, काचघरांत फुलं पिकवली आणि चांगलं बस्तान बसवलं, पण पहिली वर्षं ढोर मेहनतीची होती. बायकाही शेतात राबल्या.

इथे स्त्री-पुरुषांच्या संगीताचे रस्ते फुटले.

पुरुषांचं गाणं सिनेगॉगमध्ये होतं, हिब्रूत होतं. प्रत्येक मोशावात सिनेगॉग उभं राहिलंच. शनिवार आला, सण आला की कोचीच्या चालीवर पदं म्हणायची सोय आपोआप झाली. हिब्रू तर आता राष्ट्रभाषाच होती. शिवाय ती पदं फार पूर्वीपासून छापील होती. कोचीच्या प्रथेचे हिब्रू ग्रंथ अठराव्या शतकातच अ‍ॅमस्टरडॅमला छापून आले होते. पुरुषांच्या गाण्याला इमारत होती, वेळापत्रक होतं, छापील पुस्तक होतं आणि सरकारमान्य भाषा होती.

बायकांच्या गाण्याला यातलं काहीच नव्हतं. त्याला लागत होतं आठवडाभराचं लग्न, आणि लग्न आता हॉलमध्ये एका संध्याकाळी उरकू लागलं. त्याला लागत होती गल्ली, आणि मोशावात प्रत्येक घराभोवती जमीन. शेजारीण हाकेच्या अंतरावर राहिली नाही. ज्या बाईला पहिली ओळ आठवे ती नेवातिममध्ये, आणि जिला चाल पक्की ती दीडशे किलोमीटरवर. त्याला लागत होती मल्याळम कळणारी पोरं, आणि पोरं शाळेतून हिब्रू घेऊन येत होती. त्या काळात नव्या इस्राएलमध्ये जुन्या देशाची बोली बोलणं मागासपणाचं लक्षण समजलं जाई. येमेन, मोरोक्को, इराक, सगळीकडून आलेल्यांनी तो ताप सोसला. आईने मल्याळममध्ये हाक मारली की पोराला लाज वाटायची.

त्यात एक उलटा फासा पडला. पोरं धार्मिक शाळांत जाऊ लागली आणि तिथे बाईच्या आवाजाबद्दलचा तो जुना दंडक शिकून आली. केरळात सातशे-आठशे वर्षं, कदाचित त्याहूनही जास्त, ज्यू म्हणून राहिलेल्या समाजात बायका खुशाल पुरुषांसमोर गात होत्या. ज्यूंच्याच देशात आल्यावर ते धर्माला धरून नाही असं कळलं. परंपरा सैल करायला आधुनिकता येते असं आपण मानतो. इथे स्थलांतराने त्या कडक झाल्या, त्याही दुसऱ्याच लोकांच्या परंपरा.

म्हणून 'बायका गायच्या थांबल्या' हे वाक्य मला आवडत नाही. तसं म्हटलं की दोष त्यांच्या आठवणीवर येतो. त्यांना गाणी येत होती. गायला बोलावणारं कुणी नव्हतं.

रूबी डॅनियल

एका बाईचं उदाहरण जवळून पाहू. तिने स्वतःची कहाणी जाहीरपणे सांगितली आहे, त्यामुळे संकोच नाही. रूबी डॅनियल यांचा जन्म 1912 सालचा, मट्टनचेरीचा. कुटुंब परदेशी सिनेगॉगचं, पण त्यातल्या खालच्या मानल्या गेलेल्या, ए. बी. सालेम यांच्या कुळाशी नातं सांगणारं. त्या शिकल्या, कोर्टात कारकून झाल्या, दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या महिला दलात गेल्या. 1951 मध्ये इस्राएलला आल्या आणि नेओत मोर्देखाय या किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक वस्तीत, राहिल्या. हा किबुत्झ उत्तर गॅलिलीत आहे. तिथली मंडळी मुख्यतः युरोपातून आलेली, विचाराने निधर्मी. मल्याळम बोलायला आसपास कुणी नाही, शनिवारची प्रार्थना नाही, कोचीचं लग्न तर नाहीच.

मोशावातल्या बायकांपेक्षा त्यांची स्थिती अधिक एकाकी. तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, या गाण्यांची वाट सगळ्यात पुढे त्यांनी नेली. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बार्बरा जॉन्सन 1970च्या दशकापासून या गाण्यांच्या मागावर होत्या. त्यांच्याबरोबर जेरुसलेममध्ये राहणाऱ्या शर्ली इसेनबर्ग होत्या, केरळात पी. एम. जुसे हे ख्रिस्ती अभ्यासक होते. मल्याळम गाणी इंग्रजीत कशी आणायची हा अडसर होता. ते काम रूबीबाईंनी अंगावर घेतलं. एकामागून एक गाणी त्यांनी इंग्रजीत उतरवली आणि उतरवता उतरवता गाण्याशी जोडलेल्या आठवणी सांगू लागल्या. त्यातून 1995 मध्ये जॉन्सन यांच्याबरोबर त्यांचं आत्मकथन निघालं. त्यात सिनेगॉगमधला भेदभाव त्यांनी लपवलेला नाही. 2002 मध्ये त्या गेल्या.

इथे जरा थांबून पाहण्यासारखं काही आहे. रूबीबाई समाजाच्या कडेवरच्या: कोचीत जन्माने, इस्राएलमध्ये पत्त्याने. आत असणारीला गाणं समजावून सांगावं लागत नाही. ती गाते आणि मोकळी होते. समजावून सांगायची पाळी येते ती कडेवर असलेल्या माणसावर. मल्याळम, हिब्रू आणि इंग्रजी तिन्ही येणारी, दोन्ही बाजूंना थोडी परकी असलेली बाई नसती, तर वह्यांतला बराच मजकूर अजून बंद राहिला असता असं मला वाटतं. पण त्यांनी जे केलं ते गाणं नव्हे, गाण्याबद्दल सांगणं होतं. गाण्याचं रूप तिथेच बदललं. लग्नाच्या चौथ्या दिवशी म्हणायचं गाणं आता 'आमच्याकडे लग्नाच्या चौथ्या दिवशी म्हणायचे' असं झालं.

कोकणातून गेलेल्या बायकांचं काय झालं

मराठी वाचकाच्या मनात एव्हाना बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, आले असतील. अलिबाग, नवगाव, रोहा, पेण या भागातले, शनवार तेली म्हणून ओळखले गेलेले, केहिमकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर अशी आडनावं लावणारे. त्यांचं आणि कोचीचं नातं जुनं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोचीचे ज्यू शिक्षक मुंबईत आणि कोकणात येऊन बेने इस्राएलांना हिब्रू आणि धर्मविधी शिकवत होते. पुढे बेने इस्राएलांनी कीर्तन ज्यू केलं. 1880च्या सुमारास मुंबईत अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्यावरची मराठी कीर्तनं सुरू झाली. साकी, दिंडी, आर्या सगळा थाट आपला, कथा तोराह या ज्यू धर्मग्रंथातली.

इस्राएलमध्ये बेने इस्राएल बायकांची मराठी गाणी कोचीच्या गाण्यांइतकी गप्प झाली नाहीत. एक कारण उघड आहे: संख्या कितीतरी मोठी. दिमोना, अश्दोद, लोद, रामला अशा गावांत ते दाट वस्तीने राहिले आणि इस्राएलमध्ये 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघालं. पण संख्येने सगळं उलगडत नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बेने इस्राएलांचा प्रसंग त्यांच्याबरोबर गेला. मलिदा हा घरी करायचा विधी: गूळ-खोबरं घातलेल्या भिजवलेल्या पोह्यांचं ताट, त्यावर फळं, एलियाहू हनावी या प्रेषिताचं हिब्रू गाणं. त्याला मोठी जागा लागत नाही, आठवडा लागत नाही, गल्ली लागत नाही. नवस फेडायचा असो, मुलगा सैन्यातून परत येवो, नवं घर घ्या, मलिदा होतो. आणि हिब्रू गाण्यामागोमाग बायकांच्या तोंडी एखादं मराठी पद येऊ शकतं. लग्नाआधीची मेंदीही टिकली. त्यात नशीबही होतं, कारण येमेनी आणि मोरोक्कन ज्यूंचाही मेंदीचा सोहळा इस्राएलमध्ये दणक्यात चालतो. शेजाऱ्यांना जे कळतं ते करायला संकोच वाटत नाही. कोचीच्या लग्नाच्या दिवसांना असा जोडीदार मिळाला नाही.

कीर्तनाचं मात्र काहीसं वेगळं झालं. कीर्तनकार सुरुवातीला पुरुष. पुढे ती परंपरा विरत गेली आणि जे उरलं ते मोठ्या प्रमाणात बायकांनी धरून ठेवलं, छापील पुस्तिकांतली पदं वह्यांत उतरवून घेत. मराठीत वही आणि गळा यांची जोड कधी फारशी तुटली नाही, हे कोचीच्या प्रकरणाशेजारी ठेवून पाहिलं की ठळक होतं.

पुन्हा गाणं, पण कुणाचं

1970 आणि 80च्या दशकांत जेव्हा ध्वनिमुद्रणं होऊ लागली तेव्हा मोशावातल्या म्हाताऱ्या बायकांना एकत्र बसवावं लागे. एकीला शब्द, दुसरीला चाल, तिसरीला कधी म्हणायचं ते आठवे. परवूरची बाई म्हणे आमच्याकडे असं नाही, असं. ही वादावादी ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने कटकट असेल, पण माझ्या लेखी ती त्या संध्याकाळचा गाभा होती, कारण गल्लीत नेमकं हेच होत असणार.

नंतर जाणकार मल्याळम अभ्यासकांची गरज भासली. केरळचे स्कारिया झकारिया आणि जेरुसलेमच्या ओफिरा गामलिएल यांनी मल्याळम मजकूर आणि हिब्रू भाषांतर असं पुस्तक 2005 मध्ये जेरुसलेमच्या बेन-झ्वी संस्थेतून काढलं. आदल्या वर्षी हिब्रू विद्यापीठाच्या संगीत संशोधन केंद्राने सीडी काढली होती. गालिया हाको यांच्या पुढाकाराने 'निरित' हा बायकांचा गट उभा राहिला. वेगवेगळ्या मोशावांतल्या, वेगवेगळ्या गावांतून आलेल्या कुटुंबांतल्या बायका एकत्र तालीम करू लागल्या.

या सगळ्यात गाण्यावर दोन दावे आले. केरळचे अभ्यासक म्हणू लागले की ही मल्याळम साहित्याची जुनी, दुर्लक्षित शाखा आहे. सीरियन ख्रिस्ती आणि मापिळा गाण्यांबरोबर ती ठेवा. इस्राएलमधले म्हणू लागले की ज्यू वारशाच्या रंगीबेरंगी गालिच्यात हा एक धागा आहे. दोन्ही खरं आहे. पण मट्टनचेरीच्या गल्लीतल्या बाईने यातलं एकही वाक्य उच्चारलं नसतं. तिच्या दृष्टीने ते कडवुंभागमवाल्यांच्या लग्नातलं गाणं होतं. 'कोचीनी' ही सर्वांना पोटात घेणारी ओळख तिला फारशी लागतच नव्हती. परदेशी वेगळे, मलबारी वेगळे, परवूर वेगळं, माळा वेगळं. इस्राएलमध्ये बाकीच्यांनी सगळ्यांना एकाच नावाने हाक मारली आणि कालांतराने तेही त्या नावाला ओ देऊ लागले. गाण्यांनी ही ओळख जपली असं म्हणतात. मला दिसतं ते असं की व्यासपीठावर गाता गाता ही ओळख बऱ्यापैकी नव्याने तयार झाली. त्यात फसवणूक काही नाही. आणि याची एक बाजू मला मनापासून आवडते: ज्या घराण्यांत सोयरीक होत नसे त्यांच्या नाती एका ओळीत उभ्या राहून एकच गाणं म्हणू लागल्या. सालेम यांच्या सत्याग्रहाने बाकांचा प्रश्न सोडवायला किती वर्षं घेतली!

किंमतही मोजावी लागली. गटाने गायचं म्हणजे पाठ एक ठरवावा लागतो. वहीत तीन पाठ असले तरी माईकसमोर एकच येतो, आणि सीडीवर जो आला तो पुढच्या शिकणारीसाठी 'मूळ' होऊन बसतो. मल्याळम वाचता न येणाऱ्या नातींसाठी शब्द हिब्रू अक्षरांत लिहून द्यावे लागतात. मल्याळमचे ळ आणि ण उतरवायला हिब्रूत अक्षरच नाही. ते ल आणि न होऊन जातात, आणि जिने आजीचा ळ ऐकलेला नाही तिला काही हरवलंय हे कळणारही नाही. यावर उपाय म्हणून मला एवढंच सुचतं की जुन्या टेपा, त्या वादावादीसकट, न कापता शिकणाऱ्यांच्या कानावर पडायला हव्यात. स्वच्छ केलेलं गाणं ऐकून शिकलेली नात छान गाईल. पण परवूरच्या आजीने मध्येच तोडून 'आमच्याकडे असं नाही' म्हटलेलं जिने ऐकलंय, ती आपल्या आजीची वही उघडून दुसरा पाठ शोधेल.